बसायचे की उठायचे? ट्रॉटमधल्या ‘किंवा’चा अर्थ

ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चाली जोखणाऱ्या खेळाच्या, पहिल्या परीक्षांना उतरणाऱ्या प्रत्येक नव्या स्वारापुढे एक प्रश्न असतो. ट्रॉटमध्ये, म्हणजे आपल्या दुडकीत, खोगिरात बसून राहायचे की दर दुसऱ्या ठोक्याला उठायचे? अमेरिकेतल्या ‘ट्रेनिंग लेव्हल’च्या परीक्षापत्रिकेवर याची मुभा स्पष्ट दिलेली असते : ट्रॉट बसून किंवा उठून करावा. मैदानाच्या कठड्याशी उभ्या असलेल्या जाणकारांचा सल्ला मात्र बहुधा ठरलेला असतो. जमत असेल तर बस. बसता येणे हे तयार स्वाराचे लक्षण, आणि उठणे ही नवशिक्याला दिलेली सूट, अशी ही समजूत आहे.

ही समजूत उथळ आहे, असे माझे ठाम मत आहे. ती सगळा हिशेब स्वाराच्या प्रतिष्ठेचा मांडते आणि ज्याच्या पाठीवर हा हिशेब चालतो त्या घोड्याला वगळते. माझे म्हणणे असे : प्राथमिक परीक्षेत उठून ट्रॉट करणे हा नियम असावा, बसणे हा कमावलेला अपवाद असावा, आणि अपवाद कमावला की नाही हे घोड्याच्या पाठीला विचारून ठरवावे. पत्रिकेवरचा ‘किंवा’ स्वाराला एक प्रश्न विचारतो : आज, या घोड्यावर, या क्षणी काय योग्य आहे हे तुला कळते का? या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने शोधू.

१. आधी चाल समजून घेऊ

ट्रॉट ही दोन ठोक्यांची चाल. पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा. या दोन ठोक्यांच्या मध्ये एक क्षण असा येतो की चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. घोडा हवेत असतो आणि त्याच्याबरोबर स्वारही. पुढच्या क्षणी दोघेही खाली येतात. खाली येण्याच्या या क्षणात ट्रॉटची सगळी अडचण साठलेली आहे.

मध्यम वेगाच्या ट्रॉटमध्ये घोडा मिनिटाला साधारण पंचाहत्तर ते ऐंशी पूर्ण पावले टाकतो. प्रत्येक पावलाचे दोन ठोके धरले तर मिनिटाला दीडशेच्या वर ठोके होतात. परीक्षेत तीन मिनिटे ट्रॉट असेल तर स्वार आणि पाठ यांची साडेचारशेच्या आसपास वेळा गाठ पडते. स्वार बसून असेल तर यांतली प्रत्येक गाठ त्याला कमरेत, ओटीपोटात आणि मांड्यांत झेलावी लागते. उठत असेल तर एका ठोक्याला तो खोगिरात येतो आणि दुसऱ्या ठोक्याला वजन रिकिबी आणि मांड्यांवर घेऊन वर असतो.

म्हणून बसून ट्रॉट करणे म्हणजे स्थिर राहणे, ही पहिली गैरसमजूत सोडून द्यावी लागते. घोड्याची पाठ वरखाली होते, शिवाय डावी-उजवीकडेही झुलते. ज्या बाजूचा मागचा पाय पुढे येत असतो त्या बाजूचा पाठीचा भाग किंचित खाली जातो. चांगला बसलेला स्वार स्थिर दिसतो, कारण त्याची कंबर हे सगळे हेलकावे घोड्याबरोबर घेत असते. हलायचे बंद करून जो स्थिर होऊ पाहतो तो ताठतो, आणि ताठलेला माणूस उसळणाऱ्या पाठीवर आदळतच राहतो.

२. बसण्याला प्रतिष्ठा कुठून आली?

उठून ट्रॉट करण्याचा उगम दरबारी घोडेस्वारीत नाही, तो डाकेच्या रस्त्यांवर आहे. युरोपात टपालगाड्या आणि प्रवासी गाड्या ओढणाऱ्या जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक पोऱ्या बसून गाडी हाकत असे. तासन्तास दुडकीने जायचे तर उसळीबरोबर उठणे हाच शहाणपणा होता. इंग्रजीत या पद्धतीला ‘पोस्टिंग’ म्हणतात ते या डाकेवरूनच. फ्रेंचांनी आणि जर्मनांनी तिला ‘इंग्लिश’ ट्रॉट म्हटले. राइडिंग स्कूलच्या बंदिस्त रिंगणात शिकवली जाणारी, सैन्याच्या आणि दरबाराच्या मानाची घोडेस्वारी मात्र बसून केलेल्या ट्रॉटची होती. एकीकडे नोकराची चाल आणि दुसरीकडे सरदाराची बैठक, असा सामाजिक भेद या दोन पद्धतींना तेव्हाच चिकटला. आज तो भेद ज्या समाजात जन्मला तो समाजच उरलेला नाही. त्याची सावली तेवढी कठड्याशी उभी आहे.

भाषा मात्र कधी कधी समाजापेक्षा खरे बोलते. आधुनिक जर्मनमध्ये उठून केलेल्या ट्रॉटला ‘लाइष्टट्राबेन’ म्हणतात, म्हणजे हलके दुडकणे. हा शब्द स्वाराचा दर्जा सांगत नाही. घोड्याला काय वाटते ते सांगतो.

मराठीतही एक शब्द आहे, ‘मांड’. पक्की मांड, मांड ठोकून बसणे, घोड्यावर मांड टाकणे. इतिहासाच्या पुस्तकांतून आणि पोवाड्यांतून हा शब्द आपल्या कानांवर पडतो आणि मराठी मनात घोडेस्वाराचे चित्र ‘घट्ट बसलेला माणूस’ असेच तयार होते. त्यामुळे आपल्याकडच्या पालकांना उठणारे मूल कच्चे आणि बसणारे मूल पक्के वाटते. पण मांड पक्की असणे म्हणजे घोड्याच्या हालचालीतून आपला तोल न सुटणे. घट्ट धरून ठेवणे हा तिचा अर्थ नव्हे. या अर्थाने मांड उठतानाही पक्की असू शकते आणि बसूनही ढिली असू शकते.

३. परीक्षा खरोखर काय मागते?

आता पत्रिकेकडे वळू. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण असतात. प्राथमिक परीक्षेत या हालचाली साध्या असतात : मध्यरेषेवरून प्रवेश, थांबून सलामी, वीस मीटरची वर्तुळे, कर्णरेषेने दिशा बदलणे, ट्रॉटमधून कँटर (हलकी दौड) आणि पुन्हा ट्रॉट, मोकळ्या लगामाचा वॉक (साधे चालणे). घोडा नियमित लयीत, मोकळ्या पाठीने, मुक्तपणे पुढे जातो का आणि लगामाचा संपर्क शांतपणे स्वीकारतो का, हे परीक्षक पाहतात. जिथे ट्रॉट बसून किंवा उठून करायची मुभा आहे, तिथे बसल्याबद्दल वेगळा गुण ठेवलेला नाही. शेवटी स्वाराच्या बैठकीला गुण असतात, पण त्यांत पाहिला जातो तोल आणि घोड्याशी असलेला मेळ.

याहून बोलका पुरावा त्याच पातळीच्या पत्रिकेत आहे. ट्रेनिंग लेव्हलच्या पुढच्या परीक्षांत एक वर्तुळ असे असते की स्वाराने लगाम हळूहळू सोडायचा आणि घोड्याने मान पुढे-खाली ताणून पाठ उचलायची. या वर्तुळासाठी पत्रिका पर्याय ठेवत नाही. ट्रॉट उठूनच करा, असे सांगते. घोड्याची पाठ खरोखर मोकळी झाली आहे का हे ज्या क्षणी पाहायचे, त्या क्षणी परीक्षाच स्वाराला खोगिरातून उठायला सांगते. इतका स्पष्ट कौल असताना बाकीच्या वर्तुळांत बसणे श्रेष्ठ कसे ठरेल?

जर्मन प्रशिक्षणपद्धतीची सहा पायऱ्यांची शिडी ड्रेसाजच्या जगात सर्वमान्य आहे : लय, मोकळेपणा, लगामाशी संपर्क, उसळी, सरळपणा आणि शेवटी एकवटणे, म्हणजे घोड्याने मागच्या पायांवर अधिक भार घेऊन पुढचा भाग हलका करणे. प्राथमिक परीक्षा पहिल्या तीन पायऱ्यांची आहे. खोल, लवचिक बैठकीतून केलेला ट्रॉट शेवटच्या पायरीच्या कामाशी जोडलेला आहे, कारण एकवटलेल्या घोड्याची पाठ वर उचललेली, झुलणारी आणि बसता येण्याजोगी असते. पाठ तयार होण्याआधी तिच्यावर बसणे म्हणजे पाया भरण्याआधी कळस चढवणे.

४. उठण्याच्या बाजूची तीन कारणे

*पहिले, पाठ.* मणक्याच्या दोन्ही अंगांना लांब स्नायू असतात आणि खोगीर त्यांच्यावरच टेकते. न सावरलेला स्वार त्यांच्यावर दर ठोक्याला आदळू लागला की घोडा ते आवळून घेतो. आवळलेली पाठ खाली दबते, पावले आखूड आणि टणक होतात, उसळी अधिक कडक लागते. स्वार आणखी आदळतो, तोल राहावा म्हणून गुडघे आवळतो, आणि घोडा पाठ आणखी आवळतो. हे चक्र सुरू झाले की परीक्षेच्या पाच मिनिटांत ते तोडणे कोणालाच जमत नाही.

हे चक्र जवळून पाहायचे असेल तर परीक्षकाच्या टेबलाजवळचा, ‘सी’ अक्षरापाशीचा कोपरा पाहावा. नवा स्वार लांब बाजूने छान उठत येतो. परीक्षक समोर दिसताच तो बसतो. दोन ठोके ठीक जातात. तिसऱ्याला टाच वर येते, चौथ्याला गुडघा खोगिराला चिमटा घेतो. खांदे मागे झुकतात आणि दोन्ही हात ठोक्याच्या तालावर उडू लागतात. घोड्याचे कान मागे वळतात, मान वर येते, कोपऱ्यातली पावले बारीक होतात. वर्तुळ सुरू होण्याआधीच बिघडलेले असते. हाच स्वार उठत राहिला असता तर हाच घोडा त्या कोपऱ्यातून मोकळा वळला असता.

*दुसरे, हात.* कंबर जो धक्का झेलत नाही तो कुठेतरी बाहेर पडतोच, आणि सहसा तो हातांतून बाहेर पडतो. हातातल्या लगामाच्या दुसऱ्या टोकाला घोड्याच्या तोंडातली कडी असते. संपर्क स्थिर हवा, असे परीक्षा म्हणते. उसळणारा हात दर ठोक्याला कडी खेचतो आणि सोडतो, आणि घोडा शेवटी संपर्काचाच धसका घेतो. उठणाऱ्या स्वाराला गुडघा आणि घोटा यांचा आधार असतो. मनगट तेवढ्या आधाराने शांत राहू शकते.

*तिसरे, लय.* नीट उठणे म्हणजे घोड्याच्या पाठीवर ठेवलेला ठेका. स्वार जरा सावकाश उठला तर घाई करणारा घोडा सावकाश होतो, जरा ठसठशीत उठला तर मंद घोडा पुढे निघतो. ज्या परीक्षेची पहिली मागणीच लय आहे, तिथे लय हाती देणारे हे साधन टाकून देण्यात शहाणपण नाही.

५. उठणेही आयते मिळत नाही

इथवर वाचून ‘उठले की झाले’ असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तोही उथळच ठरेल. धप्पकन खाली बसणारा, रिकिबीवर ताठ उभा राहणारा, हातांवर जोर देऊन वर येणारा स्वारही पाठ बिघडवतो. उठताना कंबर पुढे-वर जावी आणि परत येताना खोगिराला हलके टेकावे.

शिवाय कोणत्या ठोक्याला टेकायचे याला अर्थ आहे. वर्तुळावर बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय आणि आतल्या बाजूचा मागचा पाय जमिनीवर असताना बसायचे, बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचे. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून हा क्रम बदलायचा. एकाच कर्णावर, म्हणजे तिरप्या पायांच्या एकाच जोडीच्या ठोक्याला, सतत बसले तर घोडा एका अंगाने जड होत जातो. कर्णरेषा पार करताना हा बदल गाजावाजा न करता करणारा स्वार आपल्याला घोड्याचे पाय जाणवतात हे दाखवून देतो. म्हणून उठणे ही बिनकौशल्याची गोष्ट, हा समजच चुकीचा आहे.

६. मग बसायचे कधी?

अपवादाची जागा मी मोकळेपणाने मान्य करतो. वरून खालच्या चालीत येताना, कँटर मागण्याआधी, थांबण्याच्या तयारीत दोन-चार ठोके बसणे बहुतेक घोड्यांना उपकारकच असते. त्या क्षणी स्वाराचे वजन म्हणजे एक सूचना असते, आणि सूचना जितकी थोडक्यात तितकी स्पष्ट. संपूर्ण ट्रॉट बसून करायचा असेल तर तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली : बसल्यावर घोड्याची पावले आखूड होतात का? दुसरी : हात उसळतात का? तिसरी : बसून एक वर्तुळ झाल्यावर स्वार मोकळा श्वास घेत असतो का? पावले तशीच राहिली, हात शांत राहिले, श्वास मोकळा राहिला, तर बसावे. घोडा मजबूत पाठीचा, पक्व वयाचा आणि जाणता असेल, स्वाराची बैठक मुरलेली असेल, तर बसण्याने घोडा अधिक एकाग्रही होतो. या कसोट्या सरावात, बाहेरून पाहणाऱ्या प्रशिक्षकाच्या डोळ्यांनी लावाव्यात. यांतली एकही हुकली तर परीक्षेच्या दिवशी उठावे, आणि उठताना कमीपणा मानू नये.

७. आक्षेप आणि उत्तरे

*‘परीक्षकाला बसणारा स्वार अधिक आवडतो.’* परीक्षकासमोर हालचालींची यादी आणि शून्य ते दहा आकडे असतात. बसणाऱ्या स्वाराखाली घोडा मोकळा चालत असेल तर गुण चांगलेच मिळतील, पण ते मोकळ्या चालीचे गुण असतील. हीच चाल उठून मिळाली तर गुण तेच. पाठ दबलेला घोडा मात्र बसलेल्या स्वाराखालीही गुण गमावतो, आणि बैठकीच्या गुणांतही त्याची वजावट होते. एक जागा मात्र लक्षात ठेवावी. वरच्या पातळीच्या ज्या परीक्षेत बसणे सक्तीचे आहे, तिथे उठणे ही चूक धरली जाते. पत्रिका आधी वाचणे हे स्वाराचे पहिले काम आहे.

*‘आज बसले नाही तर शिकणार कधी?’* शिकण्याची जागा वेगळी आहे आणि परीक्षेची वेगळी. व्हिएन्नाच्या स्पॅनिश राइडिंग स्कूलमधल्या बैठकीचा जगभर दाखला दिला जातो. तिथे नवा शिष्य दीर्घ काळ लंजच्या दोरीवर, रिकिबीशिवाय आणि लगामाशिवाय, तयार झालेल्या घोड्यावर बैठक घडवतो. घोडा गुरूच्या हातात असतो आणि शिष्याला फक्त बसायचे असते. बसणे असे शिकावे : थोडे थोडे, जाणत्या घोड्यावर, कोणाच्या तरी देखरेखीखाली, पाठ थकण्याआधी थांबून. आपली अपुरी बैठक परीक्षेच्या दिवशी घोड्याकडून वसूल करू नये.

*‘मोजमाप केले तर उठण्याने फारसा फरक पडत नाही.’* हा आक्षेप गंभीर आहे. खोगिराखालचा दाब मोजणाऱ्या अभ्यासांत असे दिसते की उठणारा स्वार ज्या ठोक्याला खाली येतो, त्या ठोक्याचा जोर बसलेल्या स्वाराच्या जोराच्या जवळपासच असतो. पण दुसऱ्या ठोक्याला तो कमी होतो, म्हणजे पाठीला दर पावलात एकदा उसंत मिळते. शिवाय अशी मोजमापे सहसा मुरलेल्या स्वारांवर होतात. नवशिक्या स्वाराचे ताठणे, चिमटा घेणे, हात ओढणे त्यांत येत नाही, आणि प्राथमिक परीक्षेतला प्रश्न नेमका नवशिक्यांचा आहे. हा आक्षेप मला एवढेच शिकवतो की उठणे म्हणजे जादू नाही आणि ते नीट करावे लागते. बसण्याची बाजू तो बळकट करत नाही.

*‘मोठे स्वार तर बसूनच करतात.’* ग्रां प्रीत, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीवर, करतात, कारण तिथला घोडा अनेक वर्षांच्या मेहनतीने एकवटलेला असतो. पण जर्मनीतल्या तीन-चार वर्षांच्या तरुण घोड्यांच्या स्पर्धा पाहाव्यात. अनुभवी व्यावसायिक स्वार तिथे परीक्षकांसमोर, प्रेक्षकांसमोर ट्रॉट उठून करतात. बसणे त्यांना येत नाही असे कोणी म्हणणार नाही. खालचा घोडा अजून घडतो आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि त्यांची थोरवी या ठाऊक असण्यातच आहे.

८. आपल्याकडे हा प्रश्न अधिक निकडीचा का?

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. आशियाई खेळांतले घोडेस्वारीचे सुवर्ण भारताला त्याआधी १९८२ साली मिळाले होते. अनुष अगरवाला, दिव्यकृती सिंह, सुदीप्ती हजेला यांच्याबरोबर त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये अनुष अगरवाला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरला. या यशाने मुंबई-पुण्याच्या घरांतही हा खेळ चर्चेत आला.

पण सगळी मुले स्वतःच्या घोड्यावर शिकत नाहीत. बहुतेकांच्या वाट्याला येतो तो शाळेचा घोडा. सकाळी एक, मग दुसरा, संध्याकाळी तिसरा, असे अनेक कच्चे स्वार तो रोज पाठीवर घेतो. संध्याकाळी मोतद्दार खरारा करताना खोगिराखालची जागा दाबून पाहतो, आणि घोडा पाठ चोरतो की नाही यावरून दिवस कसा गेला ते ओळखतो. त्या पाठीवर साडेचारशे ठोके बसून काढायचे की त्यांतले निम्मे हलके करायचे, याचा निर्णय परीक्षेला उतरणाऱ्या मुलाच्या हातात असतो. घोड्याच्या वतीने निर्णय घ्यायला शिकणे हाच घोडेस्वारीचा पहिला धडा आहे, आणि तो या एका ‘किंवा’त सामावलेला आहे.

म्हणून प्रशिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. परीक्षेनंतर ‘बसलास का?’ असे मुलाला विचारू नका. ‘घोडा कसा चालला?’ असे विचारा. मूल म्हणाले, ‘पाठ कडक वाटली म्हणून मी उठलो,’ तर त्या दिवशी त्याला कितीही गुण मिळोत, त्याची मांड पक्की होऊ लागली आहे असे समजा.